दारावर कोणी बोलवायचं

प्रकाशा गावात दोन प्रकारची माणसं राहतात असं प्रमिलाबाईंचं ठाम मत होतं. एक आळशी आणि दुसरी निर्लज्ज. जी दोन्ही असत, ती मंडळाची सभासद होत.

मंडळाचं नाव सुखदुःख मंडळ. त्यातलं सुख पुरुषांनी घेतलं होतं. लग्नाचा मांडव, मोठाली पातेली, गाद्या, आणि ती पातेली कोणी खरवडून आणली नाहीत यावर तासभर भांडण. दुःख बायकांच्या वाट्याला आलं. गावात कोणाच्या घरी मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही, आणि चार गावांची माणसं दारावर यायला लागतात. घरच्यांनी ओट्यावर बसायचं, येणाऱ्यांनी शेजारी येऊन बसायचं, शब्द सुचला तर बोलायचं, नाही तर नुसतं तापीकडे बघत राहायचं. त्या दिवसांत घरच्यांचं आणि पाहुण्यांचं जेवण मंडळाच्या बायका आपापल्या चुलीवर करून नेत. भाकरी आणि बिनफोडणीचं वरण. मयताच्या घरात फोडणीचा वास जाता कामा नये. तळणाची कढई चढता कामा नये. गोडाचं तर नावच नको.

ही पद्धत प्रमिलाबाईंनी बसवली होती. त्यांची सासू गेली तेव्हा त्या घरातली एकुलती सून. पाहुणे दारावर रडत होते आणि प्रमिलाबाई शेजारणीच्या चुलीपाशी बसून त्या पाहुण्यांच्या भाकरी थापत होत्या. "माले रडाले बी सवड भेटनी नही," असं त्या अजून सांगत. सासूसाठी त्यांना रडायचं होतं अशी गावात कोणाचीही समजूत नव्हती. पण सवड मिळाली नाही याचा राग खरा होता, आणि त्या रागावर त्यांनी मंडळाची बायकांची बाजू उभी केली.

उभी केली ती टिकवली कशी? तोंडाने. दारावर न आलेल्या बाईच्या घरासमोर दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हशी पाण्यावर निघायच्या वेळी, गल्ली भरलेली असताना, प्रमिलाबाई जाऊन उभ्या राहत.

"छबू! व छबू! जित्ती शे का?"

छबूबाई पदर सावरत बाहेर. "काय व्हयनं, प्रमिला?"

"काल दारवर तू दिसनी नही. मन्हा जीव उडी गया! माले वाटनं, छबू मरी गयी का काय! आते तुन्हा दारवर बसाले ईसू, तं भाकरी किती थापू ते इचाराले उनू."

गल्ली खो खो हसायची. छबूबाई पुढच्या दारावर सगळ्यांच्या आधी हजर. माणूस प्रेमाने येतो असं म्हणणाऱ्यांनी प्रेमाने एक म्हैस हलवून दाखवावी, असं प्रमिलाबाईंचं म्हणणं होतं.

तरी वर्षागणिक बायका कमी होत गेल्या. एकीची कंबर धरली. एक सुरतेला लेकाकडे गेली ती तिकडचीच झाली. एकीला बरोब्बर मयताच्या दिवशी ताप येऊ लागला. शेवटी छबूबाईनेसुद्धा भाकरी आणणं बंद केलं. शेजारीण म्हणून दारावर येऊन बसायची. पण भाकरीचं टोपलं नाही. प्रमिलाबाईंनी तिच्या दारात जाऊन पुन्हा एकदा आवाज लावून पाहिला. छबूबाईने आतून कडी लावून घेतली. उरल्या त्या मूठभर म्हाताऱ्या. त्यांना प्रमिलाबाईंचं बोलणं टोचत नसे, कारण त्यांना ऐकूच कमी येत असे.

आणि अशात मंडळाचा अध्यक्ष झाला धर्मेंद्र.

धर्मेंद्र हा प्रमिलाबाईंच्या चुलत दिराचा मुलगा. शहाद्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. अध्यक्ष होण्यासाठी लागणारा एकच गुण त्याच्यात होता: त्याला अध्यक्ष व्हायचं होतं. झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर त्याचा बॅनर लागला. डोळ्यांवर काळा चष्मा आणि हात जोडलेले.

"नमस्कार करी ऱ्हायना का आंधयासारखा वाट चाचपी ऱ्हायना?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

मग त्याने सभासद वाढवायची मोहीम काढली. जो सभासद होईल त्याला स्टीलचा डबा. गाव तुटून पडलं. ज्यांनी मंडळाच्या पातेल्याला कधी हात लावला नव्हता ते रांगेत. एकाने बायकोच्या नावाने डबा घेतला, आईच्या नावाने घेतला, आणि अजून रांगणाऱ्या नातीच्या नावाने घेतला. नातीला मंडळाचे उद्देश मान्य आहेत का, हे कोणी विचारलं नाही. सगळे सभासद फोनवरच्या ग्रुपात कोंबले गेले. आता गावात कोणी गेलं की ग्रुपावर जोडलेल्या हातांची चित्रं पडत, इतकी, की मेलेल्याचं नाव वर कुठे तरी गडप होई. धर्मेंद्र ती चित्रं दाखवून सांगे, "बघा, सभासद किती ॲक्टिव्ह आहेत."

फाल्गुनात मंडळाच्या शेडमध्ये सभा झाली. धर्मेंद्रने माईक हातात घेतला. समोर तीस माणसं, माईकची गरज नव्हती.

"काकू, पुरुषांची संख्या बघा कुठे गेली. आणि आपली महिला आघाडी बघा."

"आघाडी? आम्ही काय लढाईवर जाई ऱ्हायनूत?"

"सभासद नुसते आणून भागत नाही काकू, टिकवावे लागतात. मी नंदुरबारला शिबिराला गेलो होतो, तिथे सांगितलं. माणूस सोडून का जातो ते शोधा. गोड बोला."

"तुन्हा डबा टिकी. सभासदनं माले सांगू नको."

हशा झाला. धर्मेंद्रही हसला, पण माईक त्याच्याकडे होता. "तर असं ठरवू. अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या सभेपर्यंत महिला वाढल्या तर ठीक. नाही तर दारावरच्या जेवणाचं काम शहाद्याच्या केटररला देऊ. एक फोन केला की गरमागरम जेवण घरपोच. बायकांनाही त्रास नाही."

"मयतना घर गरमागरम?" प्रमिलाबाईंनी विचारलं. या वेळी पुरुषांपैकी कोणी हसलं नाही, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांना ऐकू आलं नव्हतं.

पातेली गेली असती तर प्रमिलाबाईंना फरक पडला नसता, शेड गेली असती तरी नाही. पण दारावरची भाकरी केटररकडे गेली, तर आयुष्यभर केलेल्या एकाच कामाचं त्यांच्या देखत वाटोळं होणार होतं, आणि ते करणार कोण, तर धर्मेंद्र. ज्याला लहानपणी त्यांनी नाक पुसायला शिकवलं होतं, आणि तेही त्याला नीट आलं नव्हतं.

बायका का सोडून गेल्या हे शोधायचं काम धर्मेंद्रने हेमांगीला दिलं. हेमांगी प्रमिलाबाईंची सून. नवरा दिनेश नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर सुपरवायझर, आठवड्याने यायचा. ही शहाद्याच्या कॉलेजात शिकलेली आणि कोणालाही नाही न म्हणणारी. नाही न म्हणणाऱ्या माणसांबद्दल प्रमिलाबाईंचं मत इथे द्यायला नको. हेमांगी घरोघर हिंडून आली आणि गुपचूप भांडी घासायला बसली.

"काय म्हनतस त्या भवान्या?" चुलीपुढून प्रश्न आला.

"काही नाही आई. कामं असतात सगळ्यांना."

"खोटं बोलाले तुले तुन्ही मायनी धड शिकाडं नही. बोल."

हेमांगीने तवा दोनदा घासला. "सगळ्या एकच सांगतात."

"काय?"

"तुमचं नाव."

प्रमिलाबाईंचा हात परातीत थांबला.

"छबूकाकू म्हणाल्या, मी दारावर बसून रडायचे ते गेलेल्या माणसासाठी नव्हतंच. आदल्या सकाळी गल्लीत ऐकलेलं असायचं, त्याचं रडू होतं. म्हणाल्या, भाकरी थापायचा कंटाळा कधीच नव्हता."

"नाजूक! बठ्ठ्या नाजूक व्हई गयात! साखरन्या बाहुल्या!"

ओट्यावरून सुकलालभाऊंचा आवाज आला. हे प्रमिलाबाईंचे यजमान. दिवसात चार वाक्यं बोलत, त्यातली ही दोन होती. "मी बी कव्हयच सोडी जातू. पन जासू कोठे?"

हातातली भाकरी थापता थापता मधोमध फाटली. प्रमिलाबाईंनी तिचा गोळा केला आणि पुन्हा थापली, आणि ती पुन्हा फाटली.

दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी धुतलेलं लुगडं नेसून त्या छबूबाईकडे निघाल्या. गोड बोलायला. एवढं धर्मेंद्रसारख्याला जमतं, म्हणजे त्यात अवघड काय असणार?

छबूबाई अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होती.

"छबूताई," प्रमिलाबाई म्हणाल्या, "कशी शे व बहीन तू?"

छबूबाईच्या हातातली कुरडई गळून पडली. तोंडाचा रंग गेला. "कोन गयं?"

"कोनी नही व. असंच उनू."

"असंच?" छबूबाईने छातीला हात लावला. "मन्हा चंदनले काय व्हयनं? सांगी टाक, प्रमिला! तुन्हा पाय धरस, सांगी टाक!"

"अव, चंदनले काय व्हवाव शे? तुन्ही याद उनी, म्हनीसन उनू."

"मन्ही याद!" छबूबाई मटकन खाली बसली आणि तिने हंबरडाच फोडला. "तुले मन्ही याद उनी! तं माणूस गयंच! बाई व, मन्हा चंदन!"

शेजारपाजारच्या बायका धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी छबूबाईच्या सुनेला, रुपाला, हाक मारली. रुपाने नवऱ्याला फोन लावला. चंदनही दिनेशच्याच फार्मवर होता. फोनमधून आधी दहा हजार कोंबड्यांचा कलकलाट आला, मग चंदनचा वैतागलेला आवाज. "मी जित्ता शे! कोन म्हनस मरी गया?"

प्रमिलाबाईंची गोडी तिथे संपली. "येडी शे का तू, छबू? चांगलं बोलाले उनू तं मढं पाडं तू मन्हा नावनं! डोकामा काय कुरडयासना चीक भरेल शे का?"

छबूबाईने डोळे पुसले. रंग परत आला. "हां," ती सुस्कारा टाकत म्हणाली. "आते बरं वाटनं."

पण भाकरीला येशील का, हा प्रश्न राहूनच गेला. गोड बोलण्यावरचा प्रमिलाबाईंचा उरलासुरला विश्वास त्या दुपारी उडाला, आणि गल्ली मात्र आठवडाभर हसली. या वेळी छबूबाईला नाही.

आखाजी आठ दिवसांवर असताना तापीबाई गेल्या. करणसिंगभाऊंची आई. करणसिंगभाऊंची केळी नदीकाठाने नजर जाईल तिथवर. धर्मेंद्रच्या मोहिमेतले ते सर्वांत वजनदार सभासद. डबा घेतानाचा त्यांचा फोटो धर्मेंद्रने ग्रुपावर कितीदा टाकला होता. तापीबाई मात्र साधी बाई. मंडळाची टोपली उचलणारी, कोणाला कधी वावगं न बोललेली. गावात फक्त तिच्याबद्दल प्रमिलाबाईंनी काही वाईट म्हटलेलं कोणाला आठवत नाही.

सकाळीच धर्मेंद्र धावत आला. "काकू, आज तुम्ही भाकरीचं बघू नका. तुम्ही फक्त दारावर बसा. मी दाखवतो आधुनिक पद्धत."

प्रमिलाबाई बसल्या. शेजारच्या सगळ्या बायका बसल्या होत्या, छबूबाईही होती, हेमांगीही. तळोदा, दोंडाईचा, कुठून कुठून गाड्या आल्या. ओटा भरला, अंगण भरलं. ऊन डोक्यावर आलं. पोरं भुकेने कुरकुरू लागली.

टेम्पोच्या आधी त्याचा वास आला.

लसूण-मिरचीची खमंग फोडणी आधी गल्लीच्या तोंडाशी आली, मग वळणावर, मग थेट अंगणात, मयताच्या दारात. मागून टेम्पो. त्यातून टोप्या घातलेले पोरगे उतरले आणि त्यांनी भराभर ताटं मांडली. तळलेली बट्टी. वर तुपाची धार. वांग्याची चमचमीत भाजी. आणि कोपऱ्यातल्या खोलगट खणात, पाकात डुलणारे दोन गुलाबजाम.

एका नातवाने गुलाबजामकडे हात नेला, त्याच्या आईने फटका दिला, आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"हे काय शे?" करणसिंगभाऊंनी विचारलं.

केटररचा माणूस अदबीने पुढे झाला. "साहेबांनी सांगितलं, मोठे सभासद आहेत, खूश झाले पाहिजेत. म्हणून आमचं लग्नाचं स्पेशल ताट आणलं. मठ्ठा मागून येतोय."

करणसिंगभाऊ सावकाश उठले. "धर्मेंद्र. मन्ही माय मरनी. तुन्हा घर पोऱ्या व्हयना का?"

धर्मेंद्रने केटररकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. काळा चष्मा त्याच्या खिशातच होता आणि घालायची ही वेळ नव्हती. शेवटी त्याने पाहिलं ते काकूंकडे.

प्रमिलाबाईंनी तो क्षण चाखून चाखून घेतला. मग त्या उठल्या. घर उपाशी होतं. भाकरी कुठेच झालेल्या नव्हत्या, आणि मूठभर म्हाताऱ्यांच्या हातून एवढ्या लोकांच्या होणार नव्हत्या.

"देखी काय ऱ्हायन्यात?" त्या बायकांवर कडाडल्या. "हात मोडी गयात का? का त्या गुलाबजामवर जीव अडकना? उठा! भाकरी टाका!"

कोणी उठलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजानंतर काहीच झालं नाही. बायका जमिनीकडे बघत बसून राहिल्या. मग छबूबाई बोलली, हळू, मयताच्या घरी बोलतात तशी.

"तापीबाईना करता उठसूत. तुन्हा करता नही."

"कोनाकरता बी उठ, पन उठ!"

"आज बी भाकरी करसूत, आनि पुढे बी करसूत. गावमा कोनं बी मयत व्हवो. पन बलावाले तू येवानं नही."

"मंग कोन बलावी? हाऊ?" प्रमिलाबाईंनी धर्मेंद्रकडे बोट केलं. तो अजून गुलाबजामचं ताट धरून उभा होता.

"तुन्ही सून बलावी."

हेमांगीने दचकून वर पाहिलं. तिला नाही म्हणता येत नव्हतं, आणि हो म्हणायची हिंमत नव्हती.

फोडणीचा वास तसाच होता. प्रमिलाबाईंनी एकदा त्या टोप्यावाल्या पोरांकडे पाहिलं, एकदा छबूबाईकडे. अर्ध्या गावाला त्यांनी वठणीवर आणलं होतं. आणि आता अंगणातल्या चटईवर बसलेली एक बाई, जिला धड कुरडई घालता येत नाही, ती त्यांना अट घालत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मग आज टेम्पो होता, उद्या टेम्पो, आणि पुढच्या प्रत्येक मयताला टेम्पो.

"बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

पुरुषांच्या बाजूने सुकलालभाऊंनी मान वर करून पाहिलं. हा शब्द बायकोच्या तोंडून त्यांनी ऐकलेला नव्हता.

तासाभरात टोपली भरून भाकरी आल्या. वरण आलं, पिवळं, फिकं, जसं हवं तसं. टेम्पो तिथून वळला तो मंडळाच्या शेडकडे. तिथे पुरुष सभासदांनी ती ताटं मठ्ठ्यासकट संपवली. सभासद टिकवायचे असतात, हे त्यांना पटलेलं होतं.

आखाजीच्या सभेत धर्मेंद्रने माईकवरून जाहीर केलं की दारावरचं काम महिलांकडेच राहील, महिला आघाडीत भरघोस वाढ झाली आहे, आणि युवा नेतृत्वाला संधी द्यायची ही कल्पना आपल्याला शिबिरात सुचली होती. टाळ्या वाजल्या. प्रमिलाबाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही हातांत मांडीवरचा पदर गच्च धरलेला होता.

ज्येष्ठात वरच्या गल्लीत एक म्हातारा गेला. हेमांगीने फोन तोंडाजवळ धरला आणि ग्रुपावर आवाज पाठवला. "सगळ्या ताई, काकू, मावशींना नम्र विनंती. ज्यांना जमेल त्यांनी प्लीज दोन-दोन भाकरी आणाव्यात. धन्यवाद."

"जमेल त्यांनी!" आतून प्रमिलाबाई म्हणाल्या. "तो म्हातारा जमेल तव्हय मरना का? आनि प्लीज? मयतले प्लीज?"

"आई, तुमच्या भाकरी झाल्या का?"

झाल्या होत्या. केव्हाच. त्या फडक्यात बांधून त्या सुनेच्या मागून चालत गेल्या.

आणि बायका आलेल्या होत्या. कंबर धरलेली आली होती. मयताच्या दिवशी ताप येणारी ठणठणीत आली होती. ज्यांच्या दारात प्रमिलाबाईंनी घसा फोडला होता, त्या एका मिळमिळीत प्लीजवर टोपल्या घेऊन आल्या होत्या. हे बघून त्यांना जो संताप आला, तसा धर्मेंद्रवरही कधी आला नव्हता. इतकी स्वस्त माणसं! पुढे जागा नव्हती. त्या मागच्या चटईवर, भिंतीशी गेल्या. छबूबाईने अंग चोरून जागा केली.

"बठ."

प्रमिलाबाई बसल्या. समोरच्या टोपलीतली वरची भाकर त्यांनी बोटाने दाबली.

"हाई भाकर तुन्ही शे ना?" त्या कुजबुजल्या. "कच्ची शे."

"माले माहीत शे," छबूबाई म्हणाली. "खाले ठेव ती, पाहुनासना हातमा येवाव नही."

प्रमिलाबाईंनी ती भाकर काढली आणि आपल्या फडक्यातल्या भाकरींच्या खाली सरकवली.